डावा जड, उजवा हलका: मांडीच्या मापाची वही

२ जून २०२५, सोमवार. फर्स्ट शिफ्ट.

आजपासून वही. भोसरीत आमच्या मशीन शॉपमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या जॉबची, म्हणजे मशीनवर बनवलेल्या भागांची, मापं घेते, पास-रिजेक्ट करते. दोन वर्षं जिमला जातेय, पण स्वतःचं कसं चाललंय विचारलं तर उत्तर एकच, "बरं चाललंय." असं उत्तर एखाद्या ऑपरेटरने दिलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

प्रश्न साधा आहे. मांडी भरायची तर वजन चढवू की सेट वाढवू? जिममध्ये दोन्ही पक्षांचे साक्षीदार हजर आहेत. ट्रेनर सर म्हणतात, "वजन चढवा मॅडम, हलक्याने नुसता घाम येतो." आणि कोपऱ्यातल्या लेग एक्स्टेन्शनवर (बसून गुडघ्यातून पाय सरळ करायचं मशीन) रोज एक ताई हलक्या पिनवर, म्हणजे कमी वजनावर, तीस-तीस रेप्स (उचली) काढत बसलेल्या असतात. त्यांच्या मांड्या माझ्यापेक्षा भरलेल्या आहेत, हे मान्य करावंच लागेल.

पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या २०१२च्या एका प्रयोगावरून उचलली. त्यांनी १८ तरुणांचा एकेक पाय स्वतंत्र धरला आणि दहा आठवडे लेग एक्स्टेन्शन करून घेतलं. कुठल्या पायाला कमाल वजनाच्या ३० टक्क्यांचे तीन सेट, कुठल्याला ८० टक्क्यांचा एकच सेट, कुठल्याला ८० टक्क्यांचे तीन. प्रत्येक सेट पाय उचलेनासा होईपर्यंत. एमआरआयमध्ये क्वाडची, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची, वाढ अनुक्रमे ६.८, ३.२ आणि ७.२ टक्के दिसली. म्हणजे हलक्या आणि जड तीन सेटांत जवळजवळ बरोबरी, आणि एकाच सेटवर निम्मं काम.

मला आवडली ती पायांची विभागणी. एका माणसाचे दोन पाय म्हणजे एकाच बॅचचे दोन जॉब. खाणं तेच, झोप तीच, पाळी तीच, मूड तोच.

पहिला टप्पा सहा आठवड्यांचा. सोमवार आणि गुरुवार. एका पायाने लेग प्रेस (पायाने वजन ढकलायचं मशीन) तीन सेट, एका पायाने लेग एक्स्टेन्शन तीन सेट. आठवड्याचे प्रत्येक पायाला बारा. डावा पाय जड, सात रेप्सच्या आसपास. उजवा हलका, बावीसच्या आसपास. दोन्हीकडे शेवटचा एखादा रेप शिल्लक ठेवून थांबायचं. आज दोन्ही पायांची जड चाचणी घेतली. लेग प्रेसला ५५ किलोवर दोन्ही पायांनी सात-सात रेप्स दिले. सुरुवात बरोबरीची आहे.

५ जून, गुरुवार

आज जिममध्ये हसं झालं माझं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा घेऊन गेले होते. आधी तो शॉपमधल्या पाच किलोच्या प्रमाणित वजनावर तपासला, ५.०१ आला. ठीक. मग जिममधल्या 'दहा किलो'च्या चार प्लेटा एकेक करून टांगल्या. ९.६४. ९.७१. १०.२०. ९.४८.

सर म्हणाले, "मॅडम, लोखंड आहे ते, सोनं नाही."

मुद्दा त्यांचाही बरोबर आहे. ओतीव प्लेट, मागे सात कोट रंग, मध्येच कडेचा टवका उडालेला. पण मी सोमवारी दोन हलक्या प्लेटा लावल्या आणि गुरुवारी दोन जड, तर वहीत "वजन तेच" लिहिलेलं असेल आणि पायाला मात्र पाऊण किलोचा फरक लागलेला असेल. खरं वजन किती याच्याशी मला फारसं कर्तव्य नाही. दर वेळी त्याच प्लेटा लागल्या म्हणजे झालं. पर्समध्ये लाल नेलपेंट होतं. माझ्या प्लेटांच्या आतल्या बाजूला एकेक ठिपका दिला. सरांनी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर बोलले नाहीत.

लेग एक्स्टेन्शनच्या पट्ट्यांवर नुसते आकडे आहेत, किलो की पौंड हे कुठेच लिहिलेलं नाही. तिथे मी "पिन ४", "पिन २" असंच लिहिणार.

८ जून, रविवार

मापाचा दिवस. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर बॉलपेनची खूण, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं, शिंप्याची टेप आडवी. टेप आधी स्टीलच्या पट्टीवर ठेवून पाहिली, मीटरभरात चार मिलिमीटर ताणलेली निघाली. तो दोष दर वेळी तेवढाच राहणार, म्हणून सोडून दिला.

डाव्या मांडीचं माप दहा मिनिटांत पाच वेळा, टेप प्रत्येक वेळी पूर्ण काढून: ५३.१, ५३.५, ५२.८, ५३.४, ५३.०. सरासरी ५३.१६. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात सात मिलिमीटर. तोच माणूस, तीच टेप, तीच मांडी. मग नवऱ्याला बोलावलं. त्याने टेप अशी ओढली की ५२.४. त्याला म्हटलं, पार्सल बांधायचं नाहीये.

सासूबाई दारातून बघत होत्या. "पाय काय मोजतेस गं? पायाला ब्लाउज शिवायचाय?"

संध्याकाळी वहीत हिशेब मांडला आणि जरा गप्पच झाले. ५३ सेंटिमीटर घेराच्या मांडीचा छेद साधारण २२३ चौरस सेंटिमीटर. त्यात क्वाड चौथा हिस्सा धरू, बाकी मागचे स्नायू, हाड आणि माझी चरबी. क्वाड सात टक्क्यांनी वाढला तर अख्खा छेद पावणेदोन टक्क्यांनी वाढेल, आणि घेर त्याच्या निम्म्या टक्क्यांनी. म्हणजे साडेचार-पाच मिलिमीटर. माझ्या टेपचा स्वतःचाच खेळ सात मिलिमीटरचा. आणि हे दहा आठवडे नीट केलेल्या लोकांच्या वाढीवरून काढलेलं गणित, मला सहाच मिळणार.

शॉपमध्ये नियम आहे: ज्या फरकाचा निकाल द्यायचा त्याच्या दहाव्या भागापर्यंत हत्यार वाचता आलं पाहिजे. माझ्या हत्याराला अख्खा फरकच धड दिसत नाही, दोन पायांमधला फरक तर लांबच राहिला. गेज आर अँड आरमध्ये, म्हणजे हत्यार दर वेळी आणि दर माणसाच्या हाती तेच माप देतं का या चाचणीत, ही टेप पहिल्याच फेरीत बाद.

पाच मापांची सरासरी घेतली तर खेळ बराच कमी होतो, तेवढं करेन. पण पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, दिवसभर उभं राहून पाय सुजतात, ते सरासरीने जात नाही. मापं रविवारी सकाळीच, दर वेळी पाळीनंतरच्या आठवड्यात.

२० जून, शुक्रवार. सेकंड शिफ्ट.

कालचा पायांचा दिवस लेकीच्या शाळेतल्या पालकसभेने खाल्ला. आज भरून काढणार होते, तर आज माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे, दिघीचा रस्ता बंद. जिम पलीकडे. चौकात उभी राहून दिंड्या बघितल्या. डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या बायका, पायात साध्या चपला, आणि अजून पंढरपूर अडीचशे किलोमीटर. व्हॉल्यूम, म्हणजे एकूण काम, म्हणतात ते हे.

२६ जून, गुरुवार

हलक्या पायाबद्दल लिहायचं राहिलंय. जिममध्ये सगळे समजतात की उजवा पाय मजेत आहे.

लेग प्रेस, ३५ किलो. पहिले दहा रेप्स पायाला पत्ताच नसतो, मी मनात डब्याचा विचार करत असते. चौदाव्याला मांडीच्या बाहेरच्या बाजूला ऊब. सोळाव्याला ऊब म्हणावी की चटका, ठरत नाही. अठराव्याला श्वास तोंडाने. वीसला गुडघा आत झुकायला बघतो, त्याला सांगावं लागतं. एकवीस. बाविसावा वर जाताना अर्ध्यात थांबतो, विचार करतो आणि मग जातो. उतरल्यावर उजव्या पायावर भार दिला की तो आपला वाटत नाही.

जड पायाचं तसं नाही. पहिल्या रेपपासून सगळं गंभीर असतं आणि वीस-पंचवीस सेकंदांत विषय संपतो.

दोन्हीचा शेवट सारखा का होतो, याचं उत्तर जुनं आहे. एल्वूड हेनेमन यांनी १९५७मध्ये मांजरांवरच्या कामातून दाखवलं की मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी आकाराच्या क्रमाने कामाला लागतात, आधी लहान, मग मोठ्या. आमच्या शॉपच्या भाषेत, जॉब हलका असेल तोवर हेल्पर उचलतो. तो दमला किंवा जॉब मुळातच जड असला की मग ऑपरेटर उठतो, आणि अगदीच अडलं तर फोरमन. वाढण्याची ताकद या फोरमनवाल्या तंतूंत जास्त. ५५ किलोला तो पहिल्या रेपलाच उठतो. ३५ला अठराव्या-एकोणिसाव्याला. त्यामुळे हलक्या सेटमध्ये पंधराव्याला थांबलं तर फोरमन झोपूनच राहिला असं समजायचं. सर ज्यांना "नुसता घाम" म्हणतात ते बहुतेक हे पंधराला थांबणारे.

अर्थात हलकं म्हणजे किती हलकं, यालाही तळ आहे. ब्राझीलमधल्या २०१८च्या एका अभ्यासात २०, ४०, ६० आणि ८० टक्के वजनं तुलनेला घेतली होती. ४०च्या वर फारसा फरक नाही, २०वर मात्र वाढ स्पष्ट कमी. मिरजेकडचे माझे थोरले मामा तालमीत पाचशे बैठका मारायचे, त्यांच्या मांड्या शेवटपर्यंत खांबासारख्या होत्या. पण बैठकीत जवळजवळ सगळं अंग मांडीवर येतं. ते हलकं काही फार हलकं नव्हे.

४ जुलै, शुक्रवार. फर्स्ट शिफ्ट.

ब्रेकमध्ये एक्सेल उघडून टनेज काढलं. वजन गुणिले रेप्स गुणिले सेट. पहिल्या दिवसाचे लेग प्रेसचे आकडे: डावा ५५ × ७ × ३ = ११५५ किलो. उजवा ३५ × २२ × ३ = २३१० किलो. बरोब्बर दुप्पट.

शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रॅमर म्हणाला, "मग उजवा दुप्पट वाढणार." असंच वाटतं ना? आणि यात लेग प्रेसच्या स्लेडचं, म्हणजे प्लेटा लावतात त्या सरकत्या भागाचं, वजन धरलेलंच नाही. ते मशीनवर कुठे लिहिलेलं नाही. समजा २० किलो धरलं तर तफावत सव्वादोन पटीच्याही वर जाते. स्लेड ४५ अंशांत तिरका सरकतो, त्यामुळे पायावर पूर्ण वजन येतच नाही, हा आणखी एक घोळ. जो आकडा स्लेडचं वजन धरलं की नाही यावर एवढा हलतो, त्यावर मी दोन पायांचा निकाल देणार नाही.

तरी टनेज फेकून देण्यासारखं नाही. तेच मशीन, त्याच प्लेटा, तीच रेपची मर्यादा असेल तर या आठवड्याची गेल्या आठवड्याशी तुलना चालते. वेगवेगळ्या वजनांत नाही चालत. हलक्या पायाचे पहिले पंधरा रेप्स टनेजमध्ये पूर्ण पगार घेतात, काम मात्र हेल्परचं. दोन पायांची तुलना करताना मोजायचे ते फक्त जिवावर आलेले सेट. ते दोन्हीकडे बाराच आहेत.

१३ जुलै, रविवार. पहिला टप्पा संपला.

डावा: ५५ वरून ६५ किलो, सात रेप्स. उजवा: ३५ वरून ४२.५ किलो, बावीस रेप्स.

काल अदलाबदल करून पाहिली. उजव्या पायाला ६५ दिले, पाच रेप्स निघाले. डाव्याला ४२.५ दिले, सतराव्याला ठप्प. ज्याने जे केलं त्यात तो तरबेज. जड उचलायचं कसब जड उचलूनच येतं, हे जवळजवळ प्रत्येक अभ्यासात निघतं. पण उजव्याने पहिल्या दिवसाच्या चाचणीनंतर एकदाही जड न उचलता पाच काढले, हे मला थोडं फुकटचं वाटलं. एका पायाला शिकवलं की दुसरा थोडं ऐकून शिकतो, हे जुन्या काळापासून माहीत असलेलं आहे. म्हणजे माझे एकाच बॅचचे दोन जॉब एकमेकांशी बोलत होते. प्रयोगातली ही गळती मला आधी सुचायला हवी होती.

मापं, पाचची सरासरी. डावी मांडी ५३.२ वरून ५३.५. उजवी ५३.४ वरून ५३.७.

दोन्ही तीन मिलिमीटर. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण रिपोर्टवर सही करायची असती तर मी "फरक आढळला नाही" असंच लिहिलं असतं.

१७ जुलै, गुरुवार. सेकंड शिफ्ट.

वाढ मोजता आली नाही. पण वहीत असे काही आकडे आपोआप जमा झालेत जे मोजायला टेप लागत नाही. डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली चौथ्या आठवड्यापासून जिना उतरताना टोचतंय, उजव्याला काही नाही. उजव्याच्या प्रत्येक सेटनंतर मला तीन मिनिटं लागतात आणि जिममधली बाई पाणी आणून देऊ का विचारते. डाव्याला दोन मिनिटं पुरतात. दोन्ही पाय वाढीचं बिल वेगवेगळ्या खिशातून भरतायत. एक सांध्यातून, एक दमातून.

व्यायामावर संशोधन करणारे ब्रॅड शोनफेल्ड यांचा २०१४चा प्रयोग आठवला. एका गटाला तीन रेप्सचे सात सेट, दुसऱ्याला दहा रेप्सचे तीन. एकूण काम सारखं केलं. बायसेपची जाडी दोघांची सारखीच वाढली, जोर जड गटाचा जास्त वाढला. पण दहावाले सतरा मिनिटांत आंघोळीला गेले, आणि तीनवाल्यांना तासाच्या वर लागला. सांधे कुरकुरल्याच्या तक्रारीही त्यांच्याच. वाढीसाठी ८ ते १२ रेप्सला जी मान्यता आहे, तिच्यात मला आता जादू दिसत नाही, सोय दिसते. ना सांधा मोडतो, ना दम.

प्रश्न बदलतेय. "कशाने जास्त वाढतं" हे माझ्या टेपला कळणार नाही, ते एमआरआयवाल्यांनी बघावं. मला कळू शकतं ते एवढंच, की मला किती झेपतं.

२१ जुलै, सोमवार. दुसरा टप्पा.

आता दोन्ही पाय एकत्र. लेग प्रेस ९० किलो, लेग एक्स्टेन्शन पिन ७, दहा ते बारा रेप्स, एक-दोन शिल्लक. वजन धरून ठेवायचं आणि दर आठवड्याला दोन सेट वाढवायचे: ८, १०, १२, १४, १६. कुठे अडतं ते बघायचं.

सेट वाढवण्यामागचा आधार भक्कम आहे. २०१७मध्ये शोनफेल्ड, ऑगबॉर्न आणि क्रीगर यांनी पंधरा अभ्यास एकत्र केले, त्यात एका स्नायूला आठवड्याला दहा किंवा जास्त सेट देणारे पाचाच्या आतल्यांपेक्षा पुढे. २०१९च्या एका प्रयोगात प्रत्येक व्यायामाचे एक, तीन किंवा पाच सेट: जोर तिन्ही गटांत सारखा वाढला, स्नायू मात्र पाचवाल्यांचे जास्त. यातली मला भावलेली गोष्ट उलटीच आहे. एक सेटवाले तेरा मिनिटांत मोकळे होऊनही तेवढेच ताकदवान झाले. ज्या बायका मला म्हणतात "वेळच नाही गं", त्यांना मी हेच सांगते. वाढ हवी तर वेळ द्या. नुसती ताकद हवी असेल तर कारण बंद.

७ ऑगस्ट, गुरुवार. फर्स्ट शिफ्ट.

बारा सेटांचा आठवडा. मस्त. गेल्या सोमवारी लेग प्रेस ११, ११, १० होता, आज ११, ११, ११. झोप सात तास.

खाण्याचं एकदा लिहून टाकते. वजन ६१ किलो, किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीनच्या हिशेबाने ९८ ग्रॅम. पोळी-भाजी, वरण, दह्यात साठच्या आसपास गाडी थांबते. दोन अंडी बारा, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या सव्वीस. वड्यांचा रस्सा सासूबाईंनी एकदा मटणाच्या मसाल्यात केला, तेव्हापासून घरात तक्रार नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार. सेकंड शिफ्ट.

सोळा सेटांचा आठवडा. सोमवारी लेग प्रेस ११, १०, ९, ८. जरा घसरलं, म्हटलं नवीन सेटची सवय नाही.

आज सकाळी दहाला गेले. काल रात्री बाराला शिफ्ट सुटली, एकला झोप, सहाला लेकीचा डबा. पहिला सेट: सहाव्या रेपला समोरच्या आरशात माझं तोंड दिसलं, आणि हे तोंड सहसा अकराव्याला होतं. आठ. दुसरा सात. मग पाच मिनिटं बसले. सहा. सहा. प्लेटा त्याच, लाल ठिपकेवाल्या, मी दोनदा उठून बघितलं. पट्टा कुठे घासतोय का तेही बघितलं. मशीनला काही झालेलं नव्हतं.

एक्स्टेन्शनला गेलेच नाही. वाटीखालचं टोचणं आता दोन्हीकडे आहे.

बाकावर बसून हिशेब केला. २८ जुलैला तीन सेट, ३२ रेप्स, २८८० किलो. आज चार सेट, २७ रेप्स, २४३० किलो. एक सेट जास्त करून साडेचारशे किलो कमी. इथे वजन तेच, मशीन तेच, रेपची मर्यादा तीच, त्यामुळे टनेज खोटं बोलू शकत नाही. कागदावर व्हॉल्यूम चढत होता, पायात उतरत होता.

सोळा सेट वाईट, असं नाही लिहिणार. बारावर सगळं छान होतं तेव्हा फर्स्ट शिफ्ट होती. चौदा आणि सोळा दोन्ही सेकंड शिफ्टच्या पंधरवड्यात आले, पाच तासांच्या झोपेवर. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कारण सापडत नाही, हे मी ट्रेनी पोरांना आठवड्यातून एकदा ऐकवते. स्वतःचं वेळापत्रक आखताना शिफ्टचा चार्ट फ्रिजवरच लावलेला होता.

सर आले, वही बघितली. त्यांना वाटलं मी वजन कमी करणार. म्हणाले, "वजन राहू द्या मॅडम, सेट अर्धे करा. आठवडाभर." मी त्यांच्या हलक्या-जडाच्या मतावर बरीच टीका लिहिली आहे वर, पण आजचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.

डीलोड, म्हणजे मुद्दाम हलका आठवडा. आठवड्याला चार सेट, वजन ९०च. बाकी मोदक. एकवीसपैकी किती मी खाल्ले ते या वहीचा विषय नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

गौरी, पाहुणे, आरत्या, विसर्जन. गेल्या आठवड्यात जिमला एकदाच गेले होते, तेही तीन सेटांपुरती. दहा दिवस बाहेरून ढोल आणि आतून गोड, आता सगळं पाण्यात गेलं असं समजून आज गेले.

लेग प्रेस ९०: १३, १२, ११.

छत्तीस रेप्स, ३२४० किलो, तीन सेटांत. तीन सेटांचा या वहीतला सर्वांत मोठा आकडा, आणि तो पंधरा दिवस जवळजवळ काही न करता आला. थकवा स्नायूवर धुळीसारखा बसतो आणि खालचा जॉब दिसू देत नाही, अशी काहीशी कल्पना प्रशिक्षणाच्या पुस्तकांत असते. धूळ आधी उतरते, कमावलेलं त्या मानाने हळू. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी ताकद घालवलेली नव्हती. ती दिसत नव्हती.

गुडघ्याचं टोचणं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना. फर्स्ट शिफ्ट.

नवा चार्ट केला, आणि या वेळी आधी फ्रिजवरचा शिफ्टचा कागद काढून शेजारी ठेवला. फर्स्ट शिफ्टच्या पंधरवड्यात आठवड्याला बारा सेट. सेकंड शिफ्टच्या पंधरवड्यात आठ. वजन दोन्हीकडे सारखं, बारा रेप्स दोन सेटांत निघाले की अडीच किलोने वर. वजन कमी करायची पाळी आलीच तर ती गुडघ्यामुळे, झोपेमुळे नाही. झोपेसाठी सेट कापायचे. सलग पाच-सहा आठवडे झाले की एक अर्धा. गौरी-गणपती, दिवाळी, लेकीची परीक्षा यांतच ते बसवते, वेगळे शोधायला नकोत.

नवरा म्हणाला, एवढं करून निघालं काय, शिफ्ट बघून व्यायाम कर? म्हटलं हो, पण किती ते निघालं.

सासूबाईंचा नऊ दिवस उपास, घरात साबुदाणा आणि वरी. मी उपास धरत नाही, पण स्वयंपाकघरात दोन वेगळे कारभार करायचा उत्साहही नाही. दाण्याची आमटी, दही, पनीर, दूध. रोजचे नव्वद ग्रॅम होतायत. चालेल.

माप काल रविवारी घेतलं होतं. डावी ५३.८, उजवी ५३.९. जूनपासून अर्धा सेंटिमीटर, म्हणजे आठ जूनच्या गणितात बसणारा आकडा, आणि टेपच्या खेळातही बसणारा. ऑफिसची जुनी पँट मांडीला लागते. तिचं कॅलिब्रेशन कधी केलेलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

शॉपमध्ये सकाळी पूजा. व्हीएमसी मशीनला झेंडूचं तोरण, टूल क्रिबवर हळद-कुंकू. मायक्रोमीटर आणि व्हर्नियर पाटावर मांडणं माझ्याकडे असतं. यंदा शिंप्याची टेपही शेजारी ठेवली. कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी जिममध्ये गेले तर तिथेही तेच. रॉडला हार, डंबेलच्या मांडणीवर आपट्याची डहाळी, प्लेटांना कुंकवाची बोटं. सर सोवळ्यातल्यासारखे हळू बोलत होते. पूजेसाठी सगळ्या प्लेटा रॅकवरून काढून भिंतीला ओळीने उलट्या लावलेल्या, आतली बाजू समोर. लाल नेलपेंटचे ठिपके सगळ्यांना दिसत होते.

"हे तुमचंच ना मॅडम?"

म्हटलं, हो.

सर आत जाऊन पांढरा पेंट मार्कर घेऊन आले. "मग अर्धवट कशाला? काटा आणलाय का?"

काटा स्कूटीच्या डिकीत जूनपासून पडून होता. कोपऱ्यातल्या ताई प्लेटा टांगत होत्या, मी वाचत होते, सर लिहीत होते. ९.६४. ९.७१. दहाच्या चौदा प्लेटा झाल्या, वीसच्या राहिल्या आहेत. उद्या दसरा, जिम बंद. शुक्रवारी.